एकरांनी मोजलेली त्वचा

त्वचेविषयी लिहावयाचे ते वैद्याने लिहावे, वकिलाने नव्हे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु ज्या ग्रंथासंबंधी येथे लिहीत आहे, त्याचा विषय वैद्यकाचा असला तरी त्यातील खरा प्रश्न न्यायशास्त्राचा आहे, आणि तो ग्रंथ माझ्या हाती आला तोही वकिलीच्याच वाटेने.

गेल्या वैशाखात फोंड्याकडील एक बाई कचेरीत आल्या. पदर कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढून घेतलेला. पदर बाजूला झाला तेव्हा दिसले की दोन्ही गालांवर शेंदरी लाली पसरली आहे, तीत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे स्पष्ट उमटले आहे आणि हनुवटीवर मुरुमांची गर्दी झाली आहे. बाई म्हणाल्या, "वकीलबाब, वांग वचूंक म्हण क्रीम लायलें. दोन म्हयने तोंड बरें दिसलें. आतां वतांत वचूंक जायना, तोंडाक उजो पेटता." ज्या दुकानदाराने डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ती ट्यूब दिली, त्यास नोटीस द्यावी अशी त्यांची इच्छा होती. ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन नावे होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. मी ती ट्यूब मडगावच्या एका त्वचारोगतज्ज्ञ स्नेह्यांस दाखविली. ते म्हणाले, "या मिश्रणाचा आजा फिलाडेल्फियाचा." आणि कपाटातून एक पुस्तक काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

ते पुस्तक म्हणजे ॲलन हॉर्नब्लम यांचे १९९८ साली प्रसिद्ध झालेले 'एकर्स ऑफ स्किन'. आजा म्हणजे डॉ. आल्बर्ट क्लिगमन (१९१६ ते २०१०), पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वचाशास्त्राचे प्राध्यापक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्याचा हात त्वचेच्या शास्त्राला लागला नाही असा कोपरा शोधून काढावा लागेल, इतक्या मोठ्या पल्ल्याचा हा माणूस. ग्रंथाचे नाव त्यांच्याच एका उद्गारावरून पडले आहे. १९६६ साली एका वृत्तपत्राशी बोलताना, होम्सबर्गच्या तुरुंगात पहिल्यांदा पाऊल टाकले तेव्हा आपणांस समोर एकरच्या एकर त्वचा दिसली, सुपीक शेत प्रथमच पाहणाऱ्या शेतकऱ्याप्रमाणे आपली अवस्था झाली, अशा आशयाचे ते बोलले. शेतकऱ्याच्या उपमेत खोट काढण्याचे कारण नाही. खोट आहे ती एवढीच की शेताला संमती विचारावी लागत नाही.

क्लिगमन यांचा जीवनक्रम वाचताना मन प्रथम आदराने भरून येते, आणि हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. स्थलांतरित ज्यू कुटुंबातला गरीब मुलगा. महाविद्यालयात व्यायामपटूंचा नायक. १९४२ साली वनस्पतिशास्त्रात, तेही बुरशींवर, डॉक्टरेट. आणि तेवढ्यावर समाधान न मानता १९४७ साली वैद्यकाची पदवी. बुरशीचा अभ्यासक त्वचेकडे वळला तो बुरशीच्याच बोटाला धरून, कारण गजकर्ण, नायटा, चिखल्या ही सारी बुरशीचीच प्रजा. १९५१ साली होम्सबर्गच्या कैद्यांत चिखल्यांची साथ पसरली म्हणून तुरुंगाच्या औषधशाळेने त्यांना बोलावले. गेले ते उपचारासाठी, आणि राहिले ते तेवीस वर्षे. १९७४ साली तेथील प्रयोग बंद झाले तोवर त्या भिंतींच्या आत अत्तरे, साबण, शांपू, पायाला लावावयाच्या भुकट्या, औषधे, लष्कराने पुरविलेली चित्तभ्रम करणारी द्रव्ये यांचे प्रयोग माणसांच्या पाठींवर आणि दंडांवर होऊन गेले होते. पाठीवर चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनावर चिकटपट्टी, अशी त्या कैद्यांची छायाचित्रे आता जगभर परिचित आहेत.

सर्वांत काळाकुट्ट प्रसंग डायॉक्सिनचा. डाऊ या रासायनिक कंपनीने आपल्या कामगारांच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या पुटकुळ्यांचे कारण शोधण्यासाठी क्लिगमन यांना १०,००० डॉलर दिले आणि लावावयाची मात्राही ठरवून दिली. अपेक्षित पुटकुळ्या उठेनात, तेव्हा क्लिगमन यांनी दहा कैद्यांवर ठरविलेल्या मात्रेच्या ४६८ पट डायॉक्सिन लावले. कंपनीला जे करण्याचे धैर्य नव्हते ते विद्वानाने केले! १९६६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोंदींतील दोषांवरून त्यांच्या प्रयोगांस मनाई केली; परंतु ती काही आठवड्यांतच उठली.

हॉर्नब्लम यांचा अधिकार येथे विशेष आहे. १९७१ साली ते याच तुरुंगात कैद्यांना लिहावाचावयास शिकविण्यासाठी गेले होते, आणि वर्गात येणाऱ्यांच्या अंगावर जागोजाग पट्ट्या चिकटविलेल्या पाहून त्यांना प्रथम वाटले की रात्री मोठी मारामारी झाली असावी. हा एक क्षण मनात पंचवीस वर्षे घोळवून त्यांनी हा ग्रंथ लिहिला आहे. ज्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधात नाहीत, ज्यांचा उल्लेख केवळ 'स्वेच्छेने आलेले प्रौढ पुरुष' एवढाच होतो, त्यांना शोधून त्यांच्याशी बोलून त्यांनी लिहिले, हे या ग्रंथाचे मोठे बळ. ग्रंथाचा उगम डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीत असल्यामुळे त्यातील संताप उसना वाटत नाही.

आता वकिलाचा प्रश्न. कैद्यांनी कागदावर सही केली होती. त्यांस पैसे मिळत होते. मग संमती नव्हती असे म्हणावयाचे कशावरून? क्लिगमन यांचा बचाव अखेरपर्यंत हाच होता की त्या काळच्या रूढ पद्धतीला धरूनच आपण चाललो, आणि प्रयोग बंद करण्यात चूक झाली. हा बचाव थट्टेवारी नेण्यासारखा नाही. न्यूरेंबर्गला जर्मन डॉक्टरांवर खटला चालला तेव्हा आरोपींच्या वकिलांनी अमेरिकन तुरुंगांत कैद्यांवर झालेल्या हिवतापाच्या प्रयोगांकडेच बोट दाखविले होते. त्या खटल्याच्या निकालपत्रातून १९४७ साली स्वेच्छासंमतीचे जे सूत्र जगाला मिळाले, ते अमेरिकन न्यायाधीशांनीच लिहिले. आणि चार वर्षांनी अमेरिकेच्याच एका शहरात होम्सबर्गचे दार उघडले. परक्याच्या अपराधासाठी लिहिलेला कायदा आपल्या घरी लागू होत नाही, अशी समजूत माणसाच्या स्वभावातच असावी.

आपल्या १८७२ च्या करार कायद्याने संमती आणि मोकळी संमती असा भेद केला आहे. दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली म्हणजे संमती झाली. परंतु जेथे एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालविण्याच्या स्थितीत असतो आणि तिचा गैरफायदा घेतो, तेथे ती मोकळी राहात नाही. होम्सबर्गमध्ये या दोन्ही कसोट्या कोसळतात. पहिली यासाठी की, ज्याला अंगावर काय लावले जात आहे त्याचे नावच ठाऊक नाही, त्याने कोणत्या अर्थाने काय मान्य केले? आणि दुसरी यासाठी की, तुरुंगातील इतर कामास दिवसाला काही सेंट मिळत असता पाठीवरच्या पट्टीस डॉलर मिळत. शिवाय तेथले पुष्कळसे लोक शिक्षा झालेले नव्हतेच. ते खटल्याची वाट पाहात, जामिनाची रक्कम नाही म्हणून अडकून पडलेले होते. म्हणजे कायद्याने जो अद्याप निर्दोष, तो जामिनासाठी आणि वकिलाच्या फीसाठी आपली कातडी भाड्याने देत होता. ती फी घेणारे माझे व्यवसायबंधू होते, हे वाचताना मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

येथवर मी ग्रंथकाराच्या बाजूने आहे. यापुढे मतभेद सुरू होतो. 'एकर्स ऑफ स्किन' हे आरोपपत्र आहे, आणि उत्तम आरोपपत्र आहे. परंतु आरोपपत्रात आरोपीची बुद्धी मापली जात नाही. क्लिगमन शास्त्रज्ञ म्हणून या पानांतून नीट उभे राहात नाहीत, आणि त्यामुळे एक अवघड गोष्ट सोपी होऊन जाते. खलपुरुषाने केलेल्या वाईट कामाचा निषेध करणे कोणालाही जमेल. प्रश्न आहे तो हा की त्याच हातांनी जे चांगले झाले आणि जे आज आपल्या घराघरांत शिरले आहे, त्याचे काय करावयाचे?

ते चांगले काय, हे सांगितलेच पाहिजे. जीवनसत्त्व 'अ' पासून होणारे ट्रेटिनॉइन हे आम्ल मुरुमांवर लावले असता छिद्रांतील साचलेली खपली सुटते आणि नव्या मुरुमांची बैठकच मोडते, हे क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखविले. त्याच्याही आधी जर्मनीत हे द्रव्य त्वचेवर लावून पाहिले गेले होते. पण मुरुमांवरील औषध म्हणून ते रूढ झाले ते यांच्यामुळे, आणि १९७१ साली अमेरिकेत त्यास परवाना मिळाला. आज कोणत्याही तरुण मुलाला त्वचारोगतज्ज्ञ रात्री झोपताना वाटाण्याएवढे जे मलम लावावयास सांगतात, ते बहुधा याच घराण्यातील. पहिले काही आठवडे चेहरा लाल होतो, सोलवटतो, मुरुम वाढल्यासारखे वाटतात. पुष्कळजण तेथेच घाबरून औषध सोडतात आणि शेजारणीच्या सल्ल्याने मुलतानी मातीकडे वळतात. हे मी घरच्या अनुभवाने लिहीत आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. सुरकुत्या आणि डाग म्हणजे वय, असा जगाचा समज होता. क्लिगमन यांनी १९६९ सालच्या एका निबंधात आग्रहाने मांडले की चेहऱ्याच्या वार्धक्याचा फार मोठा भाग उन्हाचा आहे आणि तो ऐन तारुण्यातच सुरू होतो. पुढे १९८६ साली त्यांनी व लॉरेन क्लिगमन यांनी या प्रकारास 'फोटोएजिंग' हे नाव दिले. यास प्रयोगशाळा नको. साठी उलटलेल्या कोणाही गृहस्थाने सदरा काढून आपल्या दंडाच्या आतील बाजूची कातडी आणि मानेवरची कातडी आरशात शेजारी शेजारी पाहावी. दोन्हींचे वय एकच, पण एक कातडी उन्हात राहिली आणि दुसरी सावलीत. आपल्याकडील सावळ्या त्वचेत रंगद्रव्य अधिक असल्याने सुरकुत्या उशिरा येतात. ऊन आपली हजेरी प्रथम डागांनी आणि वांगाने लावते. म्हणून वांगावर कोणतेही औषध असो, उन्हापासून बचाव केल्यावाचून ते टिकत नाही. छत्री हे यावरील सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन, आणि तेच आपल्या सुशिक्षित मंडळींनी प्रथम टाकून दिले.

सगळेच संशोधन या योग्यतेचे होते असेही नाही. चॉकलेटने मुरुम येत नाहीत, हा १९६९ सालचा त्यांचा निर्वाळा घ्या. एकंदर ६५ जण, त्यांपैकी ३५ तुरुंगातले. एका गटाला चॉकलेट आणि दुसऱ्याला चॉकलेट नसलेली वडी. पण त्या दुसऱ्या वडीत साखर आणि स्निग्धांश जवळजवळ तेवढाच! दोन सारख्या गोष्टींची तुलना करून फरक नाही असे सांगावयास तुरुंग कशाला हवा होता? आणि तरीही तो निर्वाळा पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला. आज मात्र अति साखर आणि मुरुम यांचा संबंध मानणारी मंडळी वैद्यकात वाढली आहेत. आपल्या आज्या गोडाधोडाला दोष देत तेव्हा त्यांस अडाणी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र त्याच आज्या डोक्याला थापून तेल लावीत आणि ते कपाळावर ओघळे, तिकडेही पाहावे. केसांना लावलेल्या तेला-पोमेडांमुळे कपाळावर उठणाऱ्या बारीक मुरुमांचे वर्णनही क्लिगमन यांच्याच मंडळींनी १९७० साली केले आहे.

आणि आता ती ट्यूब. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी त्वचेचा रंग उतरविण्याचे एक नवे मिश्रण प्रसिद्ध केले: हायड्रोक्विनोन पाच टक्के, ट्रेटिनॉइन ०.१ टक्का, आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ०.१ टक्का. पहिले रंगद्रव्य बनू देत नाही, दुसरे ते झडून जाण्यास साहाय्य करते आणि पहिल्यास आत उतरविते, तिसरे या दोघांनी होणारी आग शमविते. कल्पना म्हणून हे मिश्रण सुंदर आहे. त्या निबंधात ते कोणाच्या त्वचेवर सिद्ध झाले? काळ्या वर्णाच्या प्रौढ पुरुषांच्या निरोगी त्वचेवर, जिचा रंग पाच ते सात आठवड्यांत पूर्णपणे उतरला. ज्या देशात त्या वर्णासाठी माणूस अपमानित होत होता, तेथे तो रंग उतरविण्याची कला त्याच्याच अंगावर सिद्ध झाली. त्याच १९७५ साली आपल्या देशात गोरेपणाचे वचन देणारे एक क्रीम बाजारात आले, ज्याचे नाव २०२० साली बदलावे लागले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु पुढे भारतीय बाजाराने त्या दोन्ही इच्छा एकाच ट्यूबमध्ये भरल्या.

मूळ मिश्रण वांगासारख्या रोगासाठी, थोड्या आठवड्यांसाठी आणि वैद्याच्या नजरेखाली वापरावयाचे. आपल्याकडे मात्रा कमी केलेली त्याचीच नातवंडे दुकानदारांनी साध्या गोरेपणासाठी विकली. स्टिरॉइडने चेहरा आठ दिवसांत उजळतो, हाच त्यातील घात. महिने लोटले की त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम येतात, कित्येक बायकांच्या गालांवर लव वाढते. आणि क्रीम सोडावे तर आग उसळते, म्हणून पुन्हा तेच लावावे लागते. नायट्यावर हीच स्टिरॉइडे लावली की खाज थांबते आणि बुरशी निर्वेध पसरते. आपल्या औषध नियमांत परिशिष्ट 'एच' मधील औषधे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई होती, परंतु त्याखाली एक टीप होती की बाहेरून लावावयाची औषधे यातून वगळली आहेत. त्या एका टिपेच्या दारातून ही मलमे दशकानुदशके राजरोस बाहेर पडत राहिली. देशातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सतत पाठपुरावा केल्यावर २०१८ साली चौदा स्टिरॉइडांच्या मलमांपुरते ते दार बंद करण्यात आले. कागदावर बंद झाले. फोंड्याच्या बाई त्यानंतर कित्येक वर्षांनी माझ्या कचेरीत आल्या.

या साऱ्यात ग्राहकाची भूमिका हॉर्नब्लम यांच्या ग्रंथात फारशी येत नाही, आणि माझ्या मते ही त्यातील सर्वांत मोठी उणीव आहे. तुरुंग, विद्यापीठ, कंपनी, लष्कर यांना त्यांनी पिंजऱ्यात उभे केले आहे; पण त्या पाठींवर तपासलेला साबण ज्या घरांतून वापरला गेला, ती घरे त्यांनी साक्षीलाही बोलावली नाहीत. आपल्या देवळांत कपाळावर लावावयाच्या कुंकवाविषयीच पाहा. हळदीचे कुंकू गेले आणि कृत्रिम रंगाचे आले. चिकटणारी टिकली आली. आणि टिकलीच्या गोंदातील पॅराटर्शरी ब्युटिलफिनॉल या द्रव्याने कित्येक सुवासिनींच्या कपाळावर पांढरा ठिपका उमटला, ज्याला घरची माणसे कोड समजून भेदरली. हे कुंकू, हा गोंद कोणाच्या अंगावर आधी तपासून पाहिला होता? कोणाच्याच नाही. तपासणी न करता विकलेल्या वस्तूचा प्रयोग विकत घेणाऱ्यावरच होत असतो. होम्सबर्गचा कैदी निदान पैसे घेत होता. येथे पैसे देऊन प्रयोग करून घेतला जातो.

न्यायाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. २००० साली सुमारे तीनशे माजी कैद्यांनी विद्यापीठ, क्लिगमन, शहर आणि कंपन्या यांवर दावा लावला. तो मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. मुदतीच्या कायद्यामागील तत्त्व मी कोर्टात अनेकदा आवेशाने मांडले आहे: साक्षी मरतात, कागद जीर्ण होतात, म्हणून दावा वेळीच आणावा. परंतु येथे कागद जीर्ण झाले नव्हते. प्रयोगांच्या नोंदीच उरल्या नव्हत्या, आणि त्या जपण्याचे काम फिर्यादींचे नव्हते. ट्रेटिनॉइनच्या पेटंटातून विद्यापीठास आणि क्लिगमन यांस लक्षावधी डॉलर मिळाले. सुरकुत्यांवरील त्याच्या उपयोगाचे हक्क कोणाचे, यावर विद्यापीठ आणि कंपनी यांच्यात जो तंटा झाला तो १९९२ साली सामोपचाराने मिटला. त्या तंट्यात मुदतीचा प्रश्न कोणास अडला नाही. क्लिगमन २०१० साली त्र्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या नावाचे वार्षिक व्याख्यान विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने २०२१ साली बंद केले आणि जाहीर क्षमा मागितली. २०२२ साली फिलाडेल्फिया शहराने मागितली. हॉर्नब्लम यांच्या ग्रंथावाचून यांतले काही घडले असते असे मला वाटत नाही. ग्रंथाविषयी वर केलेल्या तक्रारी या वाक्यासह वाचाव्यात.

बाईंची नोटीस मी पाठविली. दुकानदाराचे उत्तर वकिलामार्फत आले, चार ओळींचे: बाईंनी नाव घेऊन वस्तू मागितली, स्वखुशीने पैसे दिले, दोन महिने वापरून समाधानही व्यक्त केले. संमतीचा मुद्दा त्यांनी बरोबर जागी ठेवला आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्यास कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे, आणि पहिली ट्यूब कधी घेतली ते बाईंना आठवत नाही. पावती त्या दुकानात कोणालाच देत नाहीत. थोरल्या जावेच्या मुलीच्या लग्नाआधी घेतली, एवढे त्या निश्चित सांगतात. लग्नाची पत्रिका शोधून आणावयास मी त्यांस सांगितले आहे.